शॉर्टस्टॉप, सेकंड, आउटफिल्ड: सगळीकडे खेळणाऱ्याचं बेसबॉलमध्ये करिअर होतं का?

डायमंड_परभणी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या बेसबॉल संघाबद्दल विचारतो आहे. संघात १९ वर्षांचा एक मुलगा आहे. उजव्या हाताने फेकतो, बॅटिंगही उजवीच. शाळेत सॉफ्टबॉल खेळला, तिथून शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभा राहणारा) म्हणून आला. हात चांगला, पाय चपळ, बॅटिंग मध्यम. संघात खेळाडू कमी असल्याने त्याला कधी सेकंड बेसला, कधी लेफ्ट फिल्डला (आउटफिल्डच्या, म्हणजे बेसपलीकडच्या मैदानाच्या डाव्या बाजूला) उभं करावं लागतं. तो कुरकुर करत नाही, पण त्याच्या वडिलांचं म्हणणं असं की सगळीकडे उभा राहणारा पोरगा निवड चाचणीत कुठलाच राहत नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मोठ्या बेसबॉलमध्ये असा खेळाडू खरंच टिकतो का, आणि टिकला तर कशाच्या जोरावर? दोन, नव्या जागा शिकवायच्या तर कोणत्या क्रमाने? तीन, ग्लोव्ह एकच घेता येईल एवढीच घरची ऐपत आहे. कोणता घ्यावा?

डगआउट_गारखेडा

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकन खेळाडू बेन झोब्रिस्ट. त्याची कारकीर्द वर्षवार नीट पाहिली की वडिलांची शंका कुठे खरी आणि कुठे खोटी ते कळतं.

जन्म १९८१, इलिनॉय राज्यातलं युरेका नावाचं छोटं गाव. २००४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत) ह्यूस्टन ॲस्ट्रोजने त्याला सहाव्या फेरीत घेतलं, शॉर्टस्टॉप म्हणून. २००६ च्या जुलैत त्याची टॅम्पा बेकडे अदलाबदल झाली आणि त्याच वर्षी तो मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये) उतरला. पहिली दोन वर्षं वाईट गेली. बॅटिंग सरासरी (दर बॅटिंगमागे हिटचं प्रमाण) २००६ मध्ये ०.२२४, २००७ मध्ये ०.१५५. एवढ्यावर कुठलाही शॉर्टस्टॉप टिकत नाही, तोही टिकला नाही.

पुढचा भाग त्या मुलाला जरूर सांगा. झोब्रिस्टने आधी बॅटिंग सुधारली. २००८ मध्ये फक्त ६२ सामन्यांत १२ होमरन मारले. आता टॅम्पाचे मॅनेजर जो मॅडन यांच्यापुढे प्रश्न उलटा झाला: हा फलंदाज संघात हवा आहे, पण याला उभा कुठे करायचा? उत्तर निघालं, जिथे जागा रिकामी होईल तिथे. २००९ मध्ये पिचर (चेंडू टाकणारा) आणि कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू घेणारा) सोडून बाकीच्या सातही जागांवर तो खेळला, जास्त करून सेकंड बेस आणि राइट फिल्ड. सरासरी ०.२९७, २७ होमरन, ९१ रन आत आणले, ९१ वॉक (चार खराब चेंडूंवर मिळणारा फर्स्ट बेस) घेतले, आणि ऑल-स्टार संघात निवड झाली. बदली खेळाडू म्हणून नव्हे, रोज खेळणारा म्हणून. जागा बदलायची, बॅटिंग ऑर्डरमधलं नाव कायम राहायचं.

म्हणजे अनेक जागा येणं हा गुणाकार आहे. मूळ आकडा बॅटिंगचा. तो लहान असेल तर सातने गुणूनही हाती फारसं लागत नाही.

२०१५ चं उदाहरण तर शिकवण्यासारखं आहे. हंगाम सुरू झाला तेव्हा तो ओकलंडमध्ये होता. कॅन्सस सिटीचा लेफ्ट फिल्डर ॲलेक्स गॉर्डन जखमी झाला म्हणून जुलैअखेर त्यांनी झोब्रिस्टला घेतलं. गॉर्डन बरा होऊन परतला तेव्हा झोब्रिस्टला बसवायची वेळ आली नाही, तो सेकंड बेसला गेला. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज कॅन्सस सिटीने जिंकली. एकाच जागेचा खेळाडू असता तर गॉर्डन परतल्या दिवशी बाकावर बसला असता.

मग शिकागो कब्जने चार वर्षांसाठी ५ कोटी ६० लाख डॉलरचा करार दिला. २०१६ च्या हंगामात तो मुख्यतः सेकंड बेसला होता. वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र हावियर बाएसला सेकंडला ठेवून झोब्रिस्टला लेफ्ट फिल्डमध्ये खेळवलं. क्लीव्हलंडमधल्या सातव्या सामन्यात, २ नोव्हेंबरला, दहाव्या इनिंगमध्ये त्याने लेफ्ट फिल्डच्या रेषेलगत डबल (सेकंड बेसपर्यंत नेणारा फटका) मारून संघाला ७-६ आघाडी मिळवून दिली. सामना ८-७ सुटला. १९०८ नंतरचं कब्जचं ते पहिलं विजेतेपद, आणि सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू झोब्रिस्ट. २०१८ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याची सरासरी ०.३०५ होती.

अशा खेळाडूची गरज का पडते याचं गणित सोपं आहे. मेजर लीगच्या संघात २६ जण, त्यात साधारण १३ पिचर. उरले १३. आठ क्षेत्ररक्षक आणि एक डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) वजा केले की बाकावर चार. त्यातला एक राखीव कॅचर असावाच लागतो. म्हणजे सात जागांची तजवीज तीन माणसांत करायची. २०२२ पासून गोल्ड ग्लोव्ह या क्षेत्ररक्षणाच्या पुरस्कारांत युटिलिटी (अनेक जागांवर खेळणाऱ्या) खेळाडूसाठी वेगळा पुरस्कारही सुरू झाला. पहिल्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये डीजे लमेह्यूला आणि नॅशनलमध्ये ब्रेंडन डॉनोव्हनला मिळाला.

नांदेड_इनफिल्ड

वरच्या उत्तरात एक भर. झोब्रिस्ट दोन्ही बाजूंनी बॅटिंग करायचा. समोर डावा पिचर असो की उजवा, त्याला बसवायचं कारण उरत नव्हतं. तुमच्या मुलाने १९ व्या वर्षी डाव्या बाजूने सुरुवात करावी असं मात्र मी म्हणणार नाही. त्या वेळात उजवीच बॅटिंग पक्की करून घ्या.

आता क्रम. शॉर्टस्टॉप हीच त्याची मुख्य जागा राहू द्या. शॉर्टस्टॉपवरून दुसरीकडे जाणं जमतं, लेफ्ट फिल्डवरून शॉर्टस्टॉपला येणं फार अवघड. माझा क्रम असा: आधी सेकंड बेस, मग थर्ड, मग लेफ्ट फिल्ड. सेंटर आणि फर्स्ट नंतर. एका वेळी एकच नवी जागा, आणि प्रत्येकीला कमीत कमी सहा आठवडे.

पण त्याआधी एक मोठी गोष्ट. मुलगा सॉफ्टबॉलमधून आलाय ना? तिथे बेसमधलं अंतर १८.२९ मीटर, इथे २७.४३. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू अडवला की मनगटाने झटका दिला तरी फर्स्टला पोचतो. इथे शॉर्टस्टॉपच्या खोल जागेवरून पाय न लावता फेकलेला चेंडू दोन टप्पे खातो. चेंडू घेतल्यावर उजवा पाय, डावा पाय असं फर्स्टच्या दिशेने सरकून मगच फेकणं, हे अंगात मुरल्याशिवाय दुसरी जागा शिकवू नका. शिवाय सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, इथे तो आधीच लीड घेऊन, म्हणजे बेसपासून काही पावलं पुढे उभा असतो. म्हणून तो सेकंडकडे पळाला तर सेकंड बेस कोण झाकणार हे प्रत्येक बॅटरला आधीच ठरलेलं असावं. साधारण नियम: बॅटर उजवा तर सेकंड बेसमन झाकतो, डावा तर शॉर्टस्टॉप. इशारा ग्लोव्ह तोंडासमोर धरून. तोंड मिटलेलं म्हणजे मी, उघडं म्हणजे तू.

सेकंड बेस. इथे फेकीचं अंतर कमी, पण डबल प्लेला (एकाच फटक्यावर दोघांना आउट करताना) रनर पाठीमागून येतो. शॉर्टस्टॉपला सगळं समोर दिसतं, सेकंड बेसमनला रनर दिसत नाही, आणि नवखा इथेच घाबरतो. पिव्हट (बेसवर चेंडू घेऊन वळून फर्स्टला फेकणं) तीन टप्प्यांत शिकवा. पहिला आठवडा चेंडूशिवाय: बेसवर वेळेआधी पोचून, छाती फेकणाऱ्याकडे, डावा पाय बेसवर, तिथून पुढे किंवा मागे सरकणं. दुसऱ्या आठवड्यात हाताने हळू दिलेला चेंडू. तिसऱ्यात खरा ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू), पण रनर नाही. रनर चौथ्या आठवड्यात. चूक ठरलेली असते: चेंडू ग्लोव्हमध्ये यायच्या आधीच नजर फर्स्टकडे जाते आणि चेंडू निसटतो. तसं झालं की महिनाभर एकच बजावायचं, आधी एक आउट. दुसरा मिळाला तर मिळाला.

थर्ड बेस. शॉर्टस्टॉपला चेंडूचे टप्पे वाचायला वेळ मिळतो, इथे मिळत नाही. पिच सुटताना ग्लोव्ह जमिनीलगत आणि उघडा हवा, कारण वर उचलणं सोपं, खाली नेणं उशिराचं. थर्डवरून फर्स्ट ३८.८ मीटर. शॉर्टस्टॉपचा हात चांगला असेल तर फेक जमते. जमत नाही तो बंट (बॅट नुसती लावून जवळच पाडलेला चेंडू) आणि संथ गडगडत येणारा चेंडू. धावत येऊन डाव्या पायाच्या बाहेर चेंडू उचलायचा आणि पुढच्याच पावलावर फेकायचा. थांबलेला चेंडू उघड्या हाताने, चालता चेंडू ग्लोव्हने. याचे रोज दहा चेंडू पुरे. त्यापेक्षा जास्त केले तर कमरेवर येतं.

लेफ्ट फिल्ड. इनफिल्डरच्या आउटफिल्डमध्ये दोन चुका होतात. एक, फ्लाय (उंच उडालेला चेंडू) दिसताच तो पुढे धावतो. पहिलं पाऊल मागे, चेंडू ज्या बाजूला त्या बाजूचा पाय तिरका मागे टाकून. पुढे येणं नंतरही जमतं, डोक्यावरून गेलेला चेंडू मात्र परत येत नाही. दुसरी, तो बाजूने हात फिरवून फेकतो. ३० मीटरला हे चालतं, ६० मीटरला चेंडू वळून बाजूला पडतो आणि टप्पा खाऊन आणखी लांब जातो. बोटं शिवणीच्या आडवी, हात वरून, आणि नेम कटऑफवाल्याच्या (मधे उभा राहून फेक घेणाऱ्याच्या) छातीवर. लेफ्टमध्ये उजव्या बॅटरने ओढून मारलेला चेंडू फाउल रेषेकडे वळतो, तेव्हा पळण्याची दिशा चेंडूच्या दोन पावलं रेषेकडे ठेवायची.

आउटफिल्ड सुरू केलं की हातावरचा भार वाढतो, हे विसरू नका. आठवड्यातून तीन दिवस लांब फेक: पहिले दोन आठवडे ३० मीटरपर्यंत, मग ४५, मग ६०. पूर्ण ताकदीच्या फेकी दिवसाला २५ ते ३०. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर फेक बंद, त्या दिवशी फक्त ग्राउंडर अडवायचे.

आठवड्याच्या सरावातला निम्म्याहून जास्त वेळ शॉर्टस्टॉपलाच. हे मोडलं की वडिलांचं म्हणणं खरं होतं.

डायमंड_परभणी

सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. एक अडचण सांगतो. आमचं मैदान काळ्या मातीचं आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात पाय रुततो. ग्राउंडरचा सराव नीट होत नाही, म्हणून मुलं आउटफिल्डमध्येच जास्त वेळ काढतात. आणि ग्लोव्हचं राहिलंच.

शिवण_जालना

आधी ग्लोव्ह. एकच घ्यायचा तर ११.७५ इंच. सेकंड बेसला ११.२५ ते ११.५, शॉर्टस्टॉपला ११.५, थर्डला ११.७५ ते १२, आउटफिल्डला १२.५ ते १२.७५ असा रिवाज आहे. ११.७५ इनफिल्डच्या तिन्ही जागांवर चालतो आणि लेफ्ट फिल्डमध्ये वेळ मारून नेतो. उलट करू नका. १२.७५ च्या खोल खिशात सेकंड बेसवर चेंडू शोधत बसावं लागतं आणि डबल प्ले हातचा जातो. सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह असेल तर तो आउटफिल्डच्या सरावाला वापरा, इनफिल्डला नको. सॉफ्टबॉलचा घेर १२ इंच, बेसबॉलचा ९ ते ९.२५. त्या मोठ्या खिशात बेसबॉल हलत राहतो. फर्स्ट बेसचा मिट आणि कॅचरचा मिट या संघाच्या वस्तू समजा, मुलाला घ्यायला लावू नका. नियमानेही ते मिट त्या-त्या जागेशिवाय चालत नाहीत.

विकत घेताना बोटांमधली चामड्याची दोरी ओढून पाहा. ती कडक आणि जाड असेल तर ग्लोव्ह टिकतो. स्वस्त ग्लोव्हमध्ये दोरी रेक्झिनची असते आणि पहिल्या हंगामातच वेब (अंगठा आणि बोटांमधली जाळी) फाटतो. दोरी तुटली तर चप्पल-बूट शिवणाऱ्याकडून चामड्याची पट्टी ओवून घेता येते, मात्र गाठ तळव्याच्या बाजूला येऊ देऊ नका.

ग्लोव्ह मऊ करायला घाई नको. थोडंसं ग्लोव्हचं तेल कापडाने, फक्त खिसा आणि बिजागरीच्या जागी. मग रोज शंभरेक झेल. खोबरेल तेल थापू नका, चामडं जड होतं. उन्हात तर अजिबात ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात चामडं वाळून तडकतं. भिजला तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत. रात्री खिशात चेंडू ठेवून पट्ट्याने सैल बांधा, दाबून चपटा केलेला ग्लोव्ह पुन्हा नीट उघडत नाही.

आता मैदान. पूर्ण मैदान सुधारायचा खर्च कॉलेज देणार नाही, पण इनफिल्डचा पट्टा तयार करता येतो. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसच्या जागेभोवती साधारण १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद. वरची काळी माती चार इंच काढा. खाली जाड मुरूम, त्यावर चाळलेला बारीक मुरूम दीड-दोन इंच. चाळणं टाळू नका, हरभऱ्याएवढा खडाही चेंडू उडवून थेट तोंडावर आणतो. पट्ट्याला कडेने थोडा उतार द्या, नाहीतर पावसाचं पाणी मुरुमाखालच्या काळ्या मातीत साचतं, माती फुगते आणि वरचा थर फुटतो. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा, सकाळी रोलर फिरवा, मग तारेच्या जाळीचा तुकडा वजन ठेवून ओढा. जाळी आधी सरळ, मग गोल. सारखी एकाच दिशेने ओढली तर बेसच्या कडेला मातीची वरंबी तयार होते आणि चेंडू तिथे उसळतो.

पट्टा होईपर्यंत सिमेंटच्या कोर्टवर टेनिस चेंडूने ग्राउंडर घ्या. टप्पा सारखा मिळतो, मुलगा चेंडूला घाबरत नाही, आणि पाय हलवायची सवय लागते. भेगा असलेल्या जमिनीवर खऱ्या चेंडूने ग्राउंडर घेऊ नका. तिथे मुलगा मान फिरवायला शिकतो, आणि ती सवय सुटता सुटत नाही.

कॅचर_लातूर

कॅचिंगचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. संघात खेळाडू कमी आहेत म्हटल्यावर उद्या त्याला मास्क घालून प्लेटमागे बसवायचा मोह होईल. नका बसवू.

८ सप्टेंबर १९६५ ला बर्ट कँपानेरिस एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळला. नवव्या इनिंगमध्ये तो कॅचर होता. प्लेटवर येणाऱ्या रनरशी धडक झाली आणि खांदा दुखावून त्याला बाहेर जावं लागलं. मूळचा तो शॉर्टस्टॉप, तिथेच पुढे त्याने नाव काढलं. नऊ जागा हा एका संध्याकाळचा कार्यक्रम होता.

खरी कारकीर्द पाहायची तर क्रेग बिजिओ. ह्यूस्टनमध्ये कॅचर म्हणून सुरुवात, १९९१ मध्ये कॅचर म्हणून ऑल-स्टार. १९९२ पासून सेकंड बेस. पाय वेगवान होते आणि रोज वाकून बसण्यात ते झिजले असते, म्हणून हलवला. सेकंड बेसला १९९४ ते १९९७ सलग चार गोल्ड ग्लोव्ह मिळवले. २००३ मध्ये संघाने जेफ केंट आणला तेव्हा सेंटर फिल्डला गेला, पुढे परत सेकंडला आला. ३,०६० हिट, २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम. लक्षात घ्या, तो दर इनिंगला जागा बदलत नव्हता. एका जागी पूर्ण बसायचा, संघाची गरज बदलली की पुढची जागा पूर्ण शिकायचा. पीट रोजचंही तसंच: सेकंड, लेफ्ट, राइट, थर्ड, फर्स्ट अशा पाच जागांवर प्रत्येकी ५०० हून जास्त सामने. १९७५ च्या मे महिन्यात सिनसिनाटीने त्याला लेफ्टवरून थर्डला आणलं ते जॉर्ज फॉस्टरची बॅट लेफ्टमध्ये बसावी म्हणून. त्या आणि पुढच्या, दोन्ही वर्षी संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली.

म्हणून नांदेडच्या सरांशी माझं थोडं वेगळं मत आहे. सहा आठवडे एका जागेला कमी पडतात. या हंगामात शॉर्टस्टॉप आणि सेकंड, एवढंच. लेफ्ट फिल्ड पुढच्या वर्षी.

नांदेड_इनफिल्ड

कॅचिंगबद्दल शंभर टक्के मान्य. हंगामाचं मात्र जमणार नाही. सरांच्या संघात लेफ्टला उभा राहायला दुसरं कुणी नाही, मुलगा आत्ताच तिथे खेळतो आहे. न शिकवता उभा करण्यापेक्षा निदान मागचं पाऊल आणि वरून फेक एवढं तरी लगेच शिकवा. थर्ड पुढे ढकला, हे चालेल.

डगआउट_गारखेडा

निवड चाचणीबद्दल राहिलं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडतात तेव्हा अर्जावर मुख्य जागा एकच लिहायची, शॉर्टस्टॉप. 'सर्व जागा' असं लिहिलं की निवड करणाऱ्यासमोर चित्रच उभं राहत नाही. चाचणीत आधी शॉर्टस्टॉपवर ग्राउंडर घ्यायचे, ते झाले की स्वतःहून विचारायचं, सर, सेकंडला पिव्हट दाखवू का? बॅटिंगच्या फेरीत मोठे फटके मारायच्या नादात हवेत काढण्यापेक्षा सरळ, कडक, पिचरच्या दोन्ही बाजूंना.

आणि आजपासून स्कोअरशीटमध्ये त्याच्या जागा आकड्यांत नोंदवायला लागा. ६ म्हणजे शॉर्टस्टॉप, ४ सेकंड, ५ थर्ड, ७ लेफ्ट. प्रत्येक जागेवर किती इनिंग, किती चेंडू आले, किती आउट केले, किती चुका, आणि चूक अडवण्यात झाली की फेकीत. महिनाभरात दिसेल की ४ वर चुका अडवण्यात आहेत की पिव्हटनंतरच्या फेकीत. अडवण्यात असतील तर तो बेसवर उशिरा पोचतो, म्हणजे सुरुवातीला उभा राहतो ती जागाच दोन पावलं बेसकडे आणि दोन पावलं प्लेटकडे घ्यायला हवी. फेकीत असतील तर डावा खांदा फर्स्टकडे वळायच्या आत हात सुटतो आहे. सामन्यात मध्येच जागा बदलली तर प्लेट अंपायरला सांगायचं आणि स्कोअररकडून इनिंग लिहून घ्यायची. जागा बदलणारा तोच खेळाडू असल्याने बॅटिंग ऑर्डरमध्ये काही हलत नाही.